बडोद्यात जागेचा वापर बदलताना लागणाऱ्या तपासण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इमारतींचे नकाशे आणि परवानग्या हे माझं रोजचं काम. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी इथल्या मराठी घरांतून येणारे प्रश्न बहुतेक तेच असतात. अडचण इतकीच की ते उशिरा येतात. फर्निचर उभं राहिल्यावर येतात, उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्यावर येतात, कधी तर दाराला सील लागल्यावर येतात. हे प्रश्न भाडेकरारावर सही करण्याआधी विचारले गेले तर अर्धा त्रास तिथंच संपतो. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे.

आम्ही एकही भिंत पाडत नाही. ऑफिसची जागा आहे, तिथं रेस्टॉरंट काढायचंय. तरी तपासणी कशाला?

कारण भिंती बदलल्या नाहीत तरी आत बसणाऱ्या माणसांची संख्या बदलते. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६, म्हणजे आम्ही जिला नुसतं एनबीसी म्हणतो, त्यात कोणत्या वापराला किती माणसं धरायची याचे आकडे दिलेले आहेत. ऑफिसला माणशी १० चौरस मीटर. तळमजल्यावरच्या दुकानाला ३. वर्गाला ४. जेवणाच्या हॉलला साधारण दीड.

आता १०० चौरस मीटरची, म्हणजे साधारण १,०७५ चौरस फुटांची जागा घ्या. ऑफिस असेल तर हिशेबात १० माणसं येतात. क्लास असेल तर २५. रेस्टॉरंट केलंत की जवळजवळ ७०. जिना तोच, दार तेच, पॅसेजही तोच, पण धूर झाला तर तिथून बाहेर पडणारी माणसं सात पट. जिन्याची रुंदी, दारांची संख्या, वायरिंग, संडास, पार्किंग हे सगळं ज्या वापरासाठी मंजूर झालं, तो वापरच आता राहिलेला नाही. म्हणून कायद्याच्या दृष्टीनं ती वेगळी इमारत ठरते. माझ्या मते आगीच्या दृष्टीनंही ती वेगळीच असते.

'वापर बदल' नेमका कधी धरतात? किराणा दुकानाचं कपड्यांचं दुकान केलं तरी?

नाही. एनबीसीमध्ये इमारतींचे गट आहेत: राहती घरं, शैक्षणिक, दवाखाने आणि संस्था, लोक जमण्याच्या जागा, ऑफिस, दुकानं, कारखाने, गोदामं आणि धोकादायक मालाच्या जागा. किराणा आणि कपडे एकाच गटातले. घराचं ऑफिस, दुकानाचा क्लास, ऑफिसचं जिम, गोदामाचा बँक्वेट हॉल, इथं गट बदलतो. गुजरातच्या विकास नियमावलीप्रमाणे, म्हणजे सीजीडीसीआर २०१७ प्रमाणे, गट बदलताना परवानगी लागते.

गट तोच असूनही विचारावं लागतं असेही प्रसंग आहेत. मधला माळा टाकणं, जिना हलवणं, दोन दुकानं एक करणं, मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड काढणं. शेडची गोष्ट लोक सर्रास विसरतात. मागची मोकळी जागा हा तुमच्या इमारतीचा श्वास आहे आणि बंबवाल्यांची वाटही तीच आहे.

सुरुवात कुठून करायची?

तीन कागदांपासून: रजा चिठ्ठी, मंजूर नकाशा आणि बीयू.

रजा चिठ्ठी म्हणजे बांधकामाची परवानगी. मंजूर नकाशा तिच्याबरोबर येतो. इमारत नकाशाप्रमाणे पुरी झाली आणि ती कशासाठी वापरायला हरकत नाही, हे सांगणारा दाखला म्हणजे बीयू, बिल्डिंग यूज परवानगी. महापालिका कायद्याचं कलम २६३ त्याचंच आहे. जुने लोक या १९४९ च्या कायद्याला अजून बीपीएमसी म्हणतात. आता नाव जीपीएमसी आहे, कायदा तोच.

मालकाकडे किंवा सोसायटीकडे या तिन्हींच्या प्रती मागा आणि नकाशा हातात धरून जागेत फिरा. नकाशात ज्या खोलीवर 'पार्किंग' लिहिलंय तिथं दुकान दिसतंय का? दाखवलेला दुसरा जिना प्रत्यक्षात आहे का, की तिथं कुणाची स्टोअररूम झालीय? एक पूर्ण सकाळ या फेरीला द्या. मी तर म्हणेन, टोकन देण्याआधीच द्या.

माझ्याच नात्यातल्या एका मुलीनं क्लाससाठी पहिला मजला घेतला होता. बेंच, फळे, एसी, सगळं बसवून झाल्यावर बीयू पाहिला, तर मजला राहण्यासाठी मंजूर. सहा महिने रिकाम्या जागेचं भाडं भरलं आणि शेवटी जागा सोडली. तिला कुणी फसवलं नव्हतं, तो कागद कुणी उघडून पाहिलाच नव्हता. माझ्याही घरचं माणूस असून मी तिला वेळेवर विचारलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

बीयूच नसेल तर?

जुन्या शहरात आणि जुन्या सोसायट्यांत हे पुष्कळदा आढळतं. गुजरातेत अनधिकृत बांधकाम नियमित करण्याचा कायदा २०२२ साली आला. लोक त्याला 'इम्पॅक्ट फी' म्हणूनच ओळखतात. तो १ ऑक्टोबर २०२२ पूर्वीच्या बांधकामांसाठी आहे आणि अर्जाची मुदत अनेकदा वाढवली गेली, म्हणून आज खिडकी उघडी आहे का ते आधी विचारून घ्या. शिवाय फी भरली म्हणजे सगळं माफ होत नाही. सार्वजनिक जागेवरचं दबाण, म्हणजे अतिक्रमण, त्यात बसत नाही आणि आगीपासून सुरक्षेच्या अटी पुऱ्या कराव्याच लागतात.

भाड्यानं घेणार असाल तर साधी गोष्ट करा. बीयू नसलेली जागा शक्यतो घेऊ नका. मालकाचं घोंगडं भिजत पडतं आणि धंदा तुमचा थांबतो.

पण आम्ही वेरा, म्हणजे मालमत्ता कर, कमर्शियल दरानं भरतो, लाइटबिलही कमर्शियल येतं. म्हणजे मान्यता झालीच ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. आकारणीवाला जागा प्रत्यक्षात कशी वापरली जाते ते बघतो आणि त्याप्रमाणे वेरा लावतो. तो वापर कायदेशीर आहे का, हे त्याचं काम नाही. वीज कंपनीचंही तेच. या पावत्या म्हणजे पैसे भरल्याचा पुरावा. परवानगी ही वेगळी गोष्ट.

आणि गुमास्ता?

तेच उत्तर. २०१९ च्या कायद्याप्रमाणे कामगार थोडे असतील तर नुसती माहिती द्यावी लागते, ठरावीक संख्येच्या वर गेले तर नोंदणी. इमारतीची तपासणी त्यात येत नाही.

अर्ज आम्ही स्वतः करू शकतो का?

अर्ज मालकाच्या नावानं जातो, पण नकाशा आणि अर्ज नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फतच द्यावा लागतो. बांधणीला हात लागणार असेल तर नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरही लागतो. नियमावलीत या लोकांना 'ऑन रेकॉर्ड' म्हणतात, कारण पुढं काही झालं तर जबाबदारी त्यांच्या नावावर असते. म्हणून फक्त सहीचे पैसे घेणारा माणूस निवडू नका. जागेवर न येता सही देणारा इंजिनिअर तुम्हाला स्वस्त पडला असं वाटेल, पण त्यानं तुमची जागा पाहिलेलीच नसते.

अर्ज ऑनलाइन जातो. जागा महापालिकेच्या हद्दीत असेल तर बांधकाम परवानगी शाखा, मुख्य कचेरी खंडेराव मार्केटमध्ये. हद्दीबाहेर, पण विकास क्षेत्रात असेल तर वुडा, म्हणजे वडोदरा शहरी विकास प्राधिकरण. शहराच्या कडेला हद्द सरकत आलेली आहे, म्हणून तिकडची जागा आज कुणाकडे येते ते आधी पक्कं करा.

भाडेकरू असाल तर करारातच लिहून घ्या की वापर बदलाच्या अर्जावर मालक सही करील, आणि परवानगी मिळेपर्यंत भाडं सुरू होणार नाही किंवा अर्धं राहील. चांगला मालक याला नाही म्हणत नाही.

फायर एनओसी कुणाला लागते? आमची इमारत उंच नाही.

उंची हा एकच निकष नाही, हे आधी मनातून काढा. एनबीसीप्रमाणे १५ मीटर आणि त्याहून उंच इमारत उंच धरतात, हे खरं. पण लोक जमण्याची जागा, म्हणजे हॉल, थिएटर, रेस्टॉरंट, खेळघर, ही उंची कितीही असली तरी विशेष इमारत ठरते. दुकानं, ऑफिस, हॉटेलं यांच्या एखाद्या मजल्याचं क्षेत्र ५०० चौरस मीटरच्या वर गेलं की तीही त्यात येतात. गुजरातेत यासाठी २०१३ चा आग प्रतिबंध आणि जीवसुरक्षा कायदा आहे. तपासणीसाठी अग्निशमन दल आहे, शिवाय सरकारनं प्रशिक्षण देऊन मान्यता दिलेले खासगी फायर सेफ्टी ऑफिसरही आहेत.

हा प्रश्न कागदी नाही. २४ मे २०१९ ला सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये वरच्या मजल्यावर क्लास चालू असताना आग लागली आणि २२ विद्यार्थी गेले. वर जाणारा जिना लाकडी होता, तोच जळाला. मुलांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. पाच वर्षं आणि एक दिवस झाल्यावर, २५ मे २०२४ ला, राजकोटच्या गेमझोनमध्ये आग लागून २७ जणांचा जीव गेला. त्या जागेला फायर एनओसी नव्हती. दोन्ही ठिकाणी जागा जशी वापरली जात होती तशी ती कधी कुणी नीट तपासून मंजूर केलेली नव्हती. त्यानंतर बडोद्यातही कितीतरी जागांना सील लागलं. लोक म्हणाले, आम्हाला विनाकारण त्रास. मी त्या मुलांची छायाचित्रं पाहिलेली आहेत, मला तो त्रास विनाकारण वाटत नाही.

फायरवाले नक्की काय बघतात?

आधी बाहेर पडायची वाट. आतल्या कुठल्याही कोपऱ्यातून सुरक्षित दारापर्यंतचं चालायचं अंतर दुकान, ऑफिस, हॉल यांना साधारण ३० मीटरच्या आत हवं. ते अंतर काउंटर आणि टेबलांना वळसा घालून मोजतात, सरळ रेषेत नाही. दार किमान एक मीटर रुंद, लोक जमण्याच्या जागेला दोन मीटर. गर्दीच्या जागेचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. सरकतं दार किंवा शटर सुटकेचं दार म्हणून धरत नाहीत, कारण वीज गेली, धूर भरला, लोक रेटायला लागले की ते उघडत नाही.

जिना लोक जमण्याच्या जागेला निदान दीड मीटर रुंद लागतो, दीडशेपेक्षा जास्त माणसं असतील तर दोन मीटर. जुन्या कॉम्प्लेक्समधल्या पहिल्या मजल्यावरची रेस्टॉरंटं इथंच अडकतात. जिना रुंद करता येत नसेल तर माणसं कमी करा, बसायच्या जागा तेवढ्याच ठेवा जेवढ्या जिन्याला पेलतात. किंवा दुसरी जागा बघा. आतली सजावट कितीही सुंदर झाली तरी जिना रुंद होत नाही.

मग सजावट. थर्माकोल, फोम, कापडी छत, प्लायवूडचं फॉल्स सीलिंग हे सगळं भराभर पेटतं आणि त्याचा धूर विषारी असतो. खिडक्यांवर फ्लेक्स लावून जाहिरात केली की धूर बाहेर जायची आणि माणूस बाहेर काढायची वाट दोन्ही बंद. त्यानंतर आग विझवायची उपकरणं: विजेच्या पॅनेलजवळ सीओटू, बाकी ठिकाणी एबीसी पावडर, तळणीच्या स्वयंपाकघरात तेलाच्या आगीसाठीचं वेगळं एक्स्टिंग्विशर. जागा मोठी असेल तर होज रील, स्प्रिंकलर, अलार्म, पाण्याची टाकी आणि पंप. पंप चालवून दाखवावा लागतो. कित्येक ठिकाणी पंप असतो, पण त्याची वायर कुणीतरी काढून ठेवलेली असते.

आमचा जुना वाडा आहे, खालच्या मजल्यावर शोरूम काढायची आहे. पुढची भिंत काढून मोठं शटर बसवायचंय.

थांबा. कडियाला, म्हणजे गवंड्याला, बोलावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

वाड्याचा भार दोन प्रकारे उतरतो: लाकडी खांब-तुळयांवरून आणि विटांच्या जाड भिंतींवरून. पुढची भिंत नुसता आडोसा आहे असं वाटतं, पण वरच्या मजल्याच्या तुळया बहुधा तिच्यातच शिरलेल्या असतात. आपल्याकडे बाजूच्या भिंती सामाईकही असतात, म्हणजे शेजाऱ्याच्या तुळयांची टोकंही तुमच्याच भिंतीत. तुम्ही खाच पाडाल आणि तडा त्यांच्या घरात जाईल.

दुसरा मुद्दा वजनाचा. भारतीय मानकांप्रमाणे राहत्या खोलीच्या जमिनीला चौरस मीटरमागे साधारण २०० किलोचा भार धरतात, दुकानाला ४००, जिमला ५००. वरच्या मजल्यावर कपड्यांचे ढीग किंवा व्यायामाची यंत्रं नेऊन ठेवली की ज्या तुळया घरासाठी घातल्या होत्या, त्यांच्यावर दुप्पट-अडीचपट भार येतो.

तिसरा मुद्दा भूकंपाचा. २६ जानेवारी २००१ ला अहमदाबादेत ज्या इमारती कोसळल्या त्यांतल्या बऱ्याच जणींचा तळमजला मोकळा होता. वर भिंती, खाली नुसते खांब. शोरूमसाठी खालच्या सगळ्या भिंती काढणं म्हणजे आपल्या हातानं तसाच मजला तयार करणं.

इंजिनिअर आल्यावर त्याला तुळयांची टोकं दाखवा, जिथं ती भिंतीत शिरतात. ओल आणि वाळवी तिथंच धरते आणि वरून तेलरंग दिला की दिसत नाही. आरसीसी इमारत असेल तर काँक्रीटची ताकद अजमावणाऱ्या रिबाउंड हॅमरसारख्या चाचण्या होतात, गरज पडली तर काँक्रीटचा नमुना काढतात. तो 'काढता येईल' म्हणाला तर लोखंडी तुळई आधी बसते, भिंत नंतर निघते. हा क्रम लेखी घ्या आणि त्या दिवशी इंजिनिअर जागेवर हजर पाहिजे.

विजेची तपासणी कोण करतं?

लायसन्सवाला इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर चाचणी करून रिपोर्ट देतो, त्यावर एमजीव्हीसीएल ही वीज कंपनी, म्हणजे आपली जुनी जीईबी, लोड वाढवून देते. हाय टेन्शन जोडणी असेल तर सरकारी विद्युत निरीक्षकाची तपासणी होते, आणि लिफ्टसाठी २००० चा वेगळा कायदा असून तिचीही तपासणी वेगळी. मंजूर लोड घरगुती ठेवून चार एसी, फ्रीझर, ओव्हन चालवू नका. आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारं स्विच, बसवाच.

खानावळीला किती सिलिंडर ठेवता येतात?

परवान्याशिवाय एका जागी एकूण १०० किलो एलपीजीपर्यंत. व्यापारी सिलिंडर १९ किलोचा, म्हणजे पाच. रिकामे समजून ठेवलेलेही मोजा. जिन्याखाली किंवा तळघरात एकही नाही, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. जिथं वडोदरा गॅसची पाइपलाइन आहे तिथं तीच घ्यावी असं माझं मत आहे.

तळघर रिकामं आहे. तिथं क्लास किंवा दुकान चालेल?

नकाशात जे लिहिलंय तेच चालेल, आणि तिथं बहुधा 'पार्किंग' लिहिलेलं असतं. सील लागण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात कशी शिरली ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मीटर, इन्व्हर्टर, सर्व्हर, माल, काहीही तळघरात ठेवू नका. मुलं तर नाहीच नाही.

दवाखाना, लॅब किंवा औषधाचं दुकान काढायचं असेल तर?

इमारतीच्या तपासण्या वर सांगितल्या तशाच, शिवाय त्या-त्या धंद्याच्या वेगळ्या. औषधाच्या किरकोळ दुकानाला निदान १० चौरस मीटर जागा लागते, घाऊक आणि किरकोळ दोन्ही असेल तर १५. एक्स-रे बसवणार असाल, दातांचासुद्धा, तर अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी लागते, आणि यंत्र कुठल्या भिंतीला लागून बसेल, पलीकडे कोण बसतं, याचा विचार प्लास्टर करण्याआधी झाला पाहिजे. रुग्ण येणार म्हणजे उतार हवाच: एक फूट चढायला बारा फूट लांबी. पायऱ्यांवर टेकवलेली फळी म्हणजे उतार नव्हे.

तपासणीच्या दिवशी काय तयारी ठेवायची?

मंजूर नकाशाची मोठी छापील प्रत, बीयू, स्ट्रक्चरल रिपोर्ट, वायरिंगचा रिपोर्ट, उपकरणांची बिलं. सगळ्या कुलपांच्या किल्ल्या. तुमचा इंजिनिअर स्वतः हजर. फॉल्स सीलिंग आणि पॅनेलिंग बंद करण्याआधी आतल्या वायरिंगचे आणि पाइपचे फोटो काढून ठेवा, नाहीतर बंद केलेलं छत पुन्हा उघडायला सांगतात. आणि खरं बोला. 'इथं तीसच खुर्च्या असतील' म्हणून सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी साठ मांडायच्या, असं करू नका.

त्रुटी काढल्या तर?

लेखी घ्या, मुद्दा समजला नाही तर तिथल्या तिथं विचारा, आणि दुरुस्ती करून फोटोसह उत्तर द्या. तोंडी 'होऊन जाईल' यावर काम पुढं नेऊ नका. मी पाहिलंय की दहा त्रुटींमधल्या सात-आठ किरकोळ असतात आणि दोन खऱ्या. त्या दोन बहुतेक वेळा जिना आणि दुसरं दार याच असतात.

सोसायटीची संमती लागते?

सामाईक जिना, गच्ची, पार्किंग, बाहेरची भिंत यांना हात लागणार असेल तर ती आधी आणि लेखी घ्या.

आम्ही वर राहतो, खाली खानावळ काढतोय. घर आमचंच, वाडा आमचाच. मग इतकं कशाला?

तुमचंच आहे म्हणून तर. रात्री खाली फ्रीझर चालू असतो, तव्यावरच्या ग्रीझचा थर डक्टमध्ये साचलेला असतो आणि वर आजी-आजोबा, मुलं झोपलेली असतात. खालचं स्वयंपाकघर आणि वरचा जिना यांच्यामध्ये पक्की भिंत आणि आग अडवणारं दार हवं. जिना खानावळीतून जात असेल तर त्याची वाट वेगळी करा, मग बाकीची कामं. डक्ट ठरावीक दिवसांनी उघडून साफ करा आणि तारीख भिंतीवर लिहा.

आणि गच्ची. उत्तरायणात आपण एका गच्चीवरून दुसरीवर सहज जातो, जुन्या शहरात गच्च्या तशा जोडूनच आहेत. आग खाली लागली तर तुमची वाट तीच. संक्रांत झाली की तिथं अडगळ टाकतात आणि दाराला कुलूप लावतात. कुलूप काढून आतून कडी बसवा, दारापर्यंतची अडगळ हलवा, आणि एकदा रात्री दिवे घालवून घरातल्या सगळ्यांना, आजींनाही, त्या वाटेनं शेजाऱ्यांच्या गच्चीपर्यंत नेऊन आणा.